‘आरोपीला थोडं थोडं कळतं’ एवढ्यावर भागवू नका

पश्चिम बंगालमधून बांधकामावर आलेला एक गवंडी मारामारीच्या गुन्ह्यात अटकेत होता. रिमांडच्या वेळी कोर्टाने त्याला हिंदीत विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. तो म्हणाला, ‘जी’. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, आलं : आरोपीची तक्रार नाही. चार दिवसांनी, गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडून ती केस माझ्याकडे आली आणि मी तुरुंगात त्याला भेटायला गेले. बराकीतला एक बंगाली येणारा कैदी मध्ये बसला. तेव्हा कळलं की त्याच्या तळपायांवर मारलं होतं आणि तो ‘जी’ म्हणाला तो केवळ साहेबांनी आपल्याशी बोलल्यावर गप्प राहायचं नसतं म्हणून. तोवर वळ फिके पडले होते, वैद्यकीय तपासणीत काही सापडलं नाही. सोळा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हापासून फौजदारी कामात दुभाषा कसा मागायचा, कुठून आणायचा, कोर्टात त्याचं काम कसं चालवायचं, हे मी एकेक ठेच खात शिकले. नव्याने वकिली सुरू करणाऱ्यांसाठी आणि अटकेतल्या माणसांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ते इथे लिहिते आहे.

पहिलं काम भाषेची परीक्षा घेण्याचं, आणि ती वकिलानेच घ्यायची. ‘हिंदी समझते हो?’ असं विचारू नका. या प्रश्नाला घाबरलेला माणूस नेहमी हो म्हणतो. त्याऐवजी म्हणा, ‘अटक झाली त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांग.’ तीन-चार वाक्यांत तो अडखळला, नुसत्या क्रियापदांवर आला, हातवारे करू लागला, की समजा. मग त्याला एक वाक्य ऐकवा : ‘तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण दिलंस तर ते लिहून घेतलं जाईल आणि तुझ्याविरुद्ध वापरता येईल.’ आणि हेच त्याला स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावा. सिमेंटच्या गोण्या मोजण्यापुरती, ठेकेदाराचा हुकूम ऐकण्यापुरती हिंदी येणारा माणूस इथे हमखास अडतो. त्याने काय सांगितलं ते तारखेनिशी वहीत लिहून ठेवा. पुढे अर्जात ते कामी येतं.

भाषा नेमकी कोणती, हेही त्याच भेटीत पक्कं करा. ‘आदिवासी भाषा’ अशी कोणती भाषा नसते. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, गोंडी द्राविडी कुळातली आणि नंदुरबारकडची पावरी मराठीसारखीच आर्यकुळातली. या तिघी एकमेकींच्या नात्यातल्यासुद्धा नाहीत. तरी ‘गोंडीवाला आहे ना, कोरकूला चालेल’ असं कोर्टाच्या आवारात मी ऐकलं आहे. बंगालीचंही तसंच. बांगलादेशातल्या सिल्हेटकडचा माणूस आणि कोलकात्यात शिकलेला दुभाषा समोरासमोर आले की निम्मं बोलणं हवेत जातं. म्हणून गाव, तालुका, घरात काय बोलतात, शाळा कुठल्या भाषेत झाली, हे सगळं विचारा.

आता अर्ज. तो पहिल्याच तारखेला आणि लेखीच द्या. तोंडी विनंती केली तर साहेब मान डोलावतात, पुढची तारीख पडते आणि रोजनाम्यात तिचा मागमूस राहत नाही. कायद्याचा आधार भक्कम आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३१४ (जुन्या दंड प्रक्रिया संहितेचं २७९) सांगतं की आरोपी जातीने हजर असेल आणि त्याला न समजणाऱ्या भाषेत साक्ष होत असेल, तर ती खुल्या न्यायालयात त्याला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगितलीच पाहिजे. त्यात ‘वाटल्यास’ हा शब्द नाही. मी साधारण असं लिहिते :

‘आरोपीची मातृभाषा कोरकू असून त्यास मराठी व हिंदी भाषेतील न्यायालयीन कामकाज समजत नाही. अर्जदार वकिलांनी दिनांक अमुक रोजी कारागृहात भेट घेऊन याची खात्री केली आहे. सबब, दोषारोप वाचून दाखवणे, साक्षीपुरावा व आरोपीचा जबाब या सर्व टप्प्यांवर कोरकू जाणणारा, कोणत्याही पक्षाशी संबंध नसलेला दुभाषा नेमण्यात यावा, त्यास शपथ देण्यात यावी व त्याचे शुल्क आरोपीकडून न घेता शासनाकडून अथवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून देण्याचा आदेश व्हावा. दुभाषा उपलब्ध होईपर्यंत दोषारोप निश्चित करू नये.’

शेवटचं वाक्य विसरू नका. दोषारोप वाचून ‘गुन्हा कबूल नाही’ असं लिहिण्याचं काम पाच मिनिटांत उरकलं जातं, आणि तिथेच त्याला कळायला हवं असतं की आपल्यावर आरोप काय आहे.

अर्जावर सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे त्यांचं लेखी म्हणणं, मागवला जातो. बहुतेक वेळा ‘आरोपी अनेक वर्षे महाराष्ट्रात राहतो’ एवढंच त्यात असतं. राहणं वेगळं आणि खटला समजणं वेगळं, असं शांतपणे सांगा आणि वहीतली ती नोंद वाचून दाखवा. कधी न्यायाधीशच म्हणतात, ‘वकीलसाहेब, तुम्हाला थोडी बंगाली येते ना, तुम्हीच सांगा.’ याला नम्रपणे पण ठाम नकार द्या. मी उलटतपास घेत असताना साक्षीदाराचे शब्द आरोपीच्या कानात कसे सांगणार? आणि माझ्या भाषांतरात चूक झाली तर तिला हरकत कोण घेणार? अर्ज फेटाळला गेला तर कारणांसह लेखी आदेश मागा. वरच्या कोर्टात त्या एका कागदावर सगळं अवलंबून असतं.

दुभाषा आणायचा कुठून, हा सगळ्यात दमवणारा भाग. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र द्या. पॉक्सोचा, म्हणजे बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालचा, खटला असेल तर काम सोपं आहे. २०२० च्या पॉक्सो नियमांप्रमाणे जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाषे, भाषांतरकार आणि विशेष शिक्षक यांची यादी ठेवायची असते आणि त्यांचं शुल्क मुलाच्या कुटुंबाकडून घ्यायचं नसतं. ही यादी पॉक्सोसाठी असली तरी त्यातल्या माणसाला दुसऱ्या खटल्यासाठी विनंती करायला कुणाची हरकत नसते. मला दोनदा कोरकू बोलणारी माणसं अशीच मिळाली. महाविद्यालयांचे भाषा विभाग, आश्रमशाळांचे शिक्षक, निवृत्त पोस्टमन, आकाशवाणीवर त्या भाषेतले कार्यक्रम करणारे लोक, या सगळ्यांकडे विचारा. जिल्ह्यात कुणीच नसेल तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या किंवा राज्यातल्या न्यायालयातून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने दुभाषा बसवावा, असा अर्ज करता येतो. पण आवाज तुटत असेल तर पुढे जाऊ नका, तारीख घ्या.

कोण नको, हे जास्त महत्त्वाचं. तपास करणाऱ्या ठाण्याचा शिपाई नको, सहआरोपी नको, ठेकेदार नको (माझ्या त्या गवंड्याच्या केसमध्ये पोलीस ठाण्यात दुभाष्याचं काम फिर्यादीच्या मुकादमानेच केलं होतं), आणि घरचं माणूस तर मुळीच नको. २०१२ मध्ये राजस्थान राज्य विरुद्ध दर्शन सिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर असाच प्रश्न होता. खुनाच्या खटल्यातली प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मूकबधिर होती आणि तिच्या खुणा कोर्टाला सांगत होते तिचे वडील, जे स्वतः खटल्यात हितसंबंध असलेले होते. ती साक्ष टिकली नाही. त्या निकालात न्यायालयाने दुभाष्यालाही शपथ दिली पाहिजे, असं म्हटलं आहे. वडिलांनी खोटं सांगितलं असेल असं मी म्हणत नाही. पण सांगणाऱ्याचं मन कुठे गुंतलं आहे हे ठाऊक असताना त्याच्या तोंडून आलेल्या शब्दावर कुणाला तुरुंगात धाडायचं कसं?

शपथेकडे मी फार लक्ष देते, कारण अनेकदा ती राहूनच जाते. शपथ अधिनियम, १९६९ च्या कलम ४ मध्ये साक्षीदारांच्या जोडीला दुभाष्यांचा उल्लेख आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे दुभाष्याने खरं भाषांतर करणं बंधनकारक आहे. आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २२७ मध्ये खोट्या पुराव्याची जी उदाहरणं दिली आहेत, त्यात शपथेवर चुकीचं भाषांतर खरं म्हणून देणारा दुभाषा हे एक उदाहरणच आहे. कोर्टातला शिपाई साक्षीदाराला शपथ देऊन मोकळा झाला की उभं राहून म्हणा, ‘दुभाष्यांचीही शपथ व्हावी आणि तशी नोंद साक्षीच्या वर यावी.’

साक्षीच्या आधी दुभाष्यासोबत अर्धा तास काढा. केस सांगू नका, शब्द सांगा : गावांची आणि माणसांची नावं, हत्याराचं नाव, जखमांसाठी येणारे शब्द, ‘दोषारोप’, ‘उलटतपास’, ‘सूचना नाकारली’ यांचे अर्थ. मग चार गोष्टी पक्क्या करून घ्या. साक्षीदार ‘मी पाहिलं’ म्हणाला तर ‘मी पाहिलं’ असंच सांगायचं, ‘तो म्हणतो की त्याने पाहिलं’ असं नाही. शिवी आली तर शिवी द्यायची. गाळली तर चिथावणीचा मुद्दाच गळतो. साक्षीदार अर्धवट, विसंगत बोलला तर तेही तसंच द्यायचं, वाक्य नीट करून द्यायचं नाही. आणि समजलं नाही तर न लाजता ‘साहेब, मला हे समजलं नाही, पुन्हा विचारू का?’ असं म्हणायचं. शिकलेल्या, मायाळू दुभाष्यांना यातली तिसरी गोष्ट सगळ्यात जड जाते. गरीब माणूस कोर्टात बावळट दिसू नये, असं त्यांना मनापासून वाटतं आणि ते त्याची वाक्यं नेटकी करतात.

आता भाषेतले खड्डे. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण खटले इथे फिरतात.

बंगालीत ‘से’ म्हणजे तो आणि ती दोन्ही, आणि क्रियापदातही लिंग नसतं. मराठीत आणताना दुभाष्याला तो की ती हे ठरवावंच लागतं, आणि तो अंदाजाने ठरवतो. दुभाष्याला आधीच सांगा : खात्री नसेल तर कोर्टाची परवानगी घेऊन साक्षीदारालाच विचारा. बंगालीत खाण्यापिण्याला एकच क्रियापद आहे. पाणीही खातात आणि विषही खातात. एका केसमध्ये ‘विष खाल्लं’ असं टाइप झालं आणि घटनास्थळाच्या पंचनाम्यात मात्र बाटली होती. उलटतपासात त्यावर पाऊण तास गेला. ‘काल’ हा शब्द बंगालीत आणि ‘कल’ हिंदीत, दोन्ही कालचा की उद्याचा हे क्रियापदावरून कळतं. माणूस तुटक बोलत असेल तर तेही कळत नाही. तारीख किंवा वार विचारा.

तेलुगूत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यासाठी मराठीसारखेच दोन वेगळे शब्द आहेत : ‘मेमु’ आणि ‘मनमु’. तेलंगणातून आलेल्या मजुराची साक्ष आधी हिंदीत आणि मग मराठीत आली की मधल्या ‘हम’मध्ये हा फरक बुडतो. ‘आम्ही गेलो’ आणि ‘आपण गेलो’ यांत ऐकणारा सोबत होता की नव्हता हे दडलेलं असतं, आणि पाच जणांवर समान उद्देशाचा आरोप असताना तोच प्रश्न असतो. म्हणून भाषेवरून भाषेवर उड्या मारत येणारं भाषांतर मी शक्यतो नाकारते. थेट तेलुगू-मराठी माणूस शोधा, आठ दिवस उशीर झाला तरी चालेल.

आपली मराठीही यातून सुटत नाही. ‘त्याने मारलं’ म्हणजे फटका दिला की जीव घेतला? ‘हात’ बोटांपासून खांद्यापर्यंत, ‘पाय’ तळव्यापासून मांडीपर्यंत, ‘बोट’ हाताचंही आणि पायाचंही. डॉक्टरांचा इंग्रजी दाखला मात्र यातलं प्रत्येक वेगळं लिहितो. उपाय सोपा आहे. साक्षीदाराला स्वतःच्या अंगावर दाखवायला सांगा आणि कोर्टाला विनंती करा की ‘साक्षीदाराने उजव्या कोपराखाली हात ठेवून दाखवले’ अशी नोंद घ्यावी. ‘भाऊ’ म्हटलं की सख्खा की चुलत, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नकारार्थी प्रश्नांना तर हरकतच घ्या. ‘तू त्याला ढकललं नाहीस, बरोबर?’ या प्रश्नावर ‘हो’ आलं तर ढकललं की नाही ढकललं? प्रश्न एका भाषेत आणि ‘हो’ दुसऱ्या भाषेतला, अशा वेळी अर्थ उलटा व्हायला एक क्षण पुरतो. एका प्रश्नात एकच गोष्ट आणि वाक्य छोटं, एवढं दोन्ही वकिलांनी पाळलं तर दुभाष्याचं निम्मं ओझं उतरतं. दर तासाने त्याला थोडी विश्रांतीही मागा. थकलेला दुभाषा आधी विशेषणं गाळतो आणि मग ‘नाही’ गाळतो.

भाषांतर चुकलं असं वाटलं तर साक्ष संपेपर्यंत थांबू नका. लगेच उठा, चुकीचा शब्द कोणता ते सांगा, मूळ शब्द जसाच्या तसा लिहून घ्यायची विनंती करा. स्टेनोला देवनागरीत तो मूळ शब्द टाइप करता येतो. अपिलात हेच कामी येतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१२ प्रमाणे साक्षीदार दुसऱ्या भाषेत बोलत असेल तर शक्य असल्यास त्याच भाषेत साक्ष लिहायची, नसल्यास साक्ष चालू असतानाच न्यायालयाच्या भाषेत खरं भाषांतर तयार करायचं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, साक्ष साक्षीदाराच्या भाषेत नोंदवण्याचा हा नियम खालच्या न्यायालयांनी पाळावा, असं बजावलं आहे. साक्ष झाल्यावर वाचून दाखवतानाही दुभाषा हवा. आणि कलम ३५१ खाली आरोपीचा जबाब होतो तेव्हा तर हवाच, कारण पन्नास-साठ प्रश्नांना ‘खोटे आहे’ असं एका दमात लिहिण्याची सवय सगळ्यांनाच आहे. आरोपीची स्वतःची बाजू मांडायची ती एकच जागा असते. कलम ३१६ प्रमाणे ती नोंद त्याला समजणाऱ्या भाषेत सांगावी लागते आणि त्याला दुरुस्ती करता येते.

अटकेच्या टप्प्यावर, अटकेची कारणं कळवायला लावणारा संविधानाचा अनुच्छेद २२ आहे. १९६२ च्या हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, फक्त हिंदी जाणणाऱ्या स्थानबद्धाला इंग्रजीत कारणं दिली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धता बेकायदा ठरवली. २०२५ मध्ये विहान कुमार प्रकरणात साध्या अटकेबाबतही तेच म्हटलं गेलं : कारणं त्या माणसाला समजतील अशा भाषेत कळली पाहिजेत. म्हणून पहिल्या रिमांडलाच अटकेच्या कारणांचा कागद मागा आणि तो कोणत्या भाषेत आहे ते पाहा.

दोषारोपपत्राच्या भाषांतराबाबत मात्र फार आशा धरू नका. ते आरोपीला न येणाऱ्या भाषेत आहे एवढ्यावरून बेकायदा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्येच सांगितलं आहे. वकिलाला ती भाषा येत असेल तर समजावणं वकिलाचं काम. दोघांनाही येत नसेल तर भाषांतर मागता येतं. मी फिर्याद, प्रत्यक्षदर्शींचे जबाब आणि वैद्यकीय कागद एवढेच निवडून तुरुंगातल्या भेटीत दुभाष्याकडून पूर्ण वाचून घेते.

मूकबधिर व्यक्तीसाठी भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १२५ आहे : साक्ष खुणांनी किंवा लिहून होऊ शकते, दुभाषा किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि चित्रीकरण करायचं. पण शाळेत न गेलेल्या बधिर माणसाला भारतीय सांकेतिक भाषा येतेच असं नाही. त्याच्या घरातल्या खुणा वेगळ्या असतात. अशा वेळी प्रशिक्षित दुभाष्याच्या सोबतीला एखादी बधिर व्यक्तीच मध्यस्थ म्हणून बसवावी लागते. ती त्याच्या खुणा उकलते आणि दुभाषा त्या आवाजात आणतो. दोघांचीही शपथ करवून घ्या. आणि चित्रीकरणाच्या चौकटीत साक्षीदाराचे हात पूर्ण दिसतात ना, ते तुम्ही स्वतः जाऊन पाहा.

राहिलं दुभाष्याचं मानधन. साक्ष संपली की वकील आपल्या वाटेने जातात आणि एसटीने तीन तास प्रवास करून आलेला आश्रमशाळेचा शिक्षक व्हरांड्यात उभा राहतो. त्याच दिवशी हजेरीचा दाखला, प्रवासाची तिकिटं, बँक पासबुकाची प्रत आणि शुल्काच्या आदेशाची नक्कल एकत्र लावून नाझरकडे (कोर्टाचे पैसे सांभाळणारा कर्मचारी) किंवा प्राधिकरणाच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. मी स्वतः सोबत जाते. एकदा पैसे बुडालेला दुभाषा पुढच्या तारखेला फोन उचलत नाही, आणि कोरकू आणि कायदा या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी राहू शकणारी माणसं जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. त्यांचे नंबर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.